प्रस्तावनेतला खुनी

टेलिफोन खात्यात मी ट्रंक ऑपरेटर म्हणून लागले, तेव्हा पुण्याहून सोलापूरला बोलायचं तर माणूस कॉल नोंदवून घरी जाऊन जेवून यायचा. पुढे एसटीडी आलं, गल्लोगल्ली पिवळे बूथ झाले, मग लोकांच्या खिशात मोबाइल आले आणि आमचा बोर्ड गप्प झाला. नोकरी होती, पगार होता, काम नव्हतं. बरोबरच्या बायकांनी स्वेटर विणले, लोणच्याच्या ऑर्डरी घेतल्या, एकीने शेअर बाजारात हात पोळून घेतले. मी कादंबऱ्या लिहिल्या.

एक नाही, तीन. आणि तिन्ही तीन तऱ्हेच्या. पहिली माझ्या आईची. धम्मदीक्षेनंतर आमच्या घरातले देव उतरवले, तेव्हा ती नवी सून होती आणि मंडईत भाजीच्या जुड्या बांधायला जायची. दुसरी चक्क प्रेमकथा, कॉल सेंटरच्या गाडीतून जाणाऱ्या मुलीची आणि तिच्या शेजारी बसून घोरणाऱ्या मुलाची. तिसरी खुनाची. आमच्या हडपसरला उसाच्या रानावर सोसायट्या उठत होत्या. त्यातल्याच एका सोसायटीत मी एक माणूस मारला आणि एका निवृत्त टेलिफोन ऑपरेटर बाईला खुनी शोधायला लावलं. बाईचा स्वभाव कुणावर गेला ते सांगायला नको.

एकाच बाईने हे तीन प्रकार का लिहावेत, असं मला पुढे अनेकांनी विचारलं. मला प्रश्नच कळायचा नाही. घरात आपण रोज वरणभातच करतो का?

माझी अट एकच होती. तिन्ही पुस्तकांवर माझं नाव पाहिजे, आडनावासकट पूर्ण. दीक्षेनंतर आमच्या घरात जन्मलेली मी पहिली मुलगी. आजीने माझ्यासाठी दगडाधोंड्याचं एक नाव योजून ठेवलं होतं, तेवढ्याने पोर जगते म्हणून. वडिलांनी ते मोडून काढलं आणि बुद्धाच्या गोष्टींतून एक सुंदर, लांबलचक नाव शोधून आणलं. शाळेतल्या मास्तरांना ते धड लिहिता यायचं नाही, तर वडील शाळेत जाऊन फळ्यावर लिहून दाखवून आले. ते नाव झाकून ठेवायला दिलेलं नव्हतं.

मराठीत लेखक थेट प्रकाशकाकडे जातो, चहा पितो आणि पुढे वर्षभर "वाचतोय, वाचतोय" ऐकत बसतो. मीही तेच केलं. एका प्रकाशकांनी तिन्ही बाडं टेबलावर शेजारी शेजारी मांडली आणि मायेने विचारलं, "यातलं तुमचं कोणतं?" मी म्हटलं, तिन्ही. त्यांनी चहा सांगितला, पण तो एकाच कपाचा आणि स्वतःसाठी. मी उठून आले.

माझी मुलगी तेव्हा आयटी पार्कात लागली होती. ती म्हणाली, "आई, बाहेर सगळे रायटर्स एजंटकडून जातात. तो तुझ्या वतीने पब्लिशरशी बोलतो. तू फक्त लिहायचं, भांडायचं नाही. म्हणजे तुला जड जाईल, पण ट्राय कर." नवऱ्याने पेपरातून मान वर करून विचारलं, "एजंट? कुठला प्लॉट विकतेस?" त्या काळात हडपसरला एजंट म्हणजे प्लॉटचाच. घरातली सगळी रानं विकून झाल्यावर जो पांढऱ्या बुटांत फिरतो तो.

तर एजंट शोधायचा ठरला. पण त्याआधी मी एक काम करून बसले होते, आणि पुढचं सगळं महाभारत त्यातून झालं.

मराठीत पुस्तकाला प्रस्तावना लागते. आमच्यात जरा जास्तच लागते. मोठ्या माणसाने पाठीवर हात ठेवल्याशिवाय पुस्तक घराबाहेर पडत नाही. माझ्या बाबतीत मोठं माणूस म्हणजे आमचे सर. त्यांनी मला कॉलेजात मराठी शिकवलं, टेलिफोनच्या नोकरीचा अर्ज स्वतः आणून दिला, आणि मुलाखतीला जाताना माझी चप्पल तुटली तर आपल्या बायकोची, म्हणजे आमच्या बाईंची, चप्पल काढून दिली. आता ते प्राचार्य म्हणून निवृत्त होऊन लोणी काळभोरला राहत होते. चळवळीतल्या निम्म्या पुस्तकांना त्यांच्या प्रस्तावना होत्या. आईच्या कादंबरीला प्रस्तावनेची गरज नव्हती, ती आपल्या पायावर उभी होती. खुनाच्या कादंबरीला लोक नाकं मुरडतील, सरांचं नाव असलं म्हणजे तोंडं बंद होतील, असा माझा हिशेब. म्हणून मी तीच त्यांच्याकडे नेली. सरांनी दोन्ही हातांनी घेतली.

प्रस्तावना तयार झाल्याचा निरोप आला. मी लोणीला जाऊन ती घेतली आणि परतीच्या बसमध्ये वाचायला काढली. सरांचं ते मोत्यासारखं अक्षर. पहिली दोन पानं शहर कसं वाढलं, रानं कशी गेली, यावर. फार सुंदर. तिसऱ्या पानाच्या सुरुवातीलाच वाक्य होतं: "या कादंबरीतील खुनी, म्हणजे सोसायटीचा सेक्रेटरी, हा केवळ एक व्यक्ती नसून प्रवृत्ती आहे."

मी पान मिटलं, पुन्हा उघडलं. खुनी तिथेच होता. अडीचशे पानं मी त्या सेक्रेटरीला पदराआड लपवून ठेवलं होतं. त्याच्या हाती बाळं दिली, त्याला गणपतीची वर्गणी गोळा करायला लावली, वाचकाला त्याचा संशयसुद्धा येऊ नये म्हणून जिवाचं रान केलं होतं. आणि सरांनी त्याला दारातच कॉलर धरून उभा केला होता. हडपसरच्या गाडीतळाला उतरायचं होतं, ते राहूनच गेलं. पुढच्या स्टॉपवरून चालत मागे आले.

संध्याकाळी सरांचा फोन. "वाचलीस?"

"हो सर. फार सखोल झालीय."

"खालच्या थरापर्यंत गेलोय मी," सर म्हणाले. त्यांचा आवाज इतका आनंदी होता, की माझी जीभ उचलेना.

मुलीने तिन्ही कादंबऱ्या कॉम्प्युटरवर टाइप करून घेतल्या, प्रस्तावनाही घेतली. मग माझ्याकडे येऊन म्हणाली, "आई, मर्डरर पेज थ्रीवर आहे."

"माहितीये."

"डिलीट करू?"

"हात लावायचा नाही," मी म्हणाले. तिने खांदे उडवले आणि होतं तसं सगळीकडे पाठवलं.

पहिली भेट दिल्लीच्या एका एजंट बाईंची. त्या कुठल्याशा कार्यक्रमाला पुण्यात आल्या होत्या. स्टेशनजवळच्या हॉटेलच्या लॉबीत त्यांनी मला बोलावलं. त्यांना मराठी येत नव्हतं. मुलीने आणि तिच्या मैत्रिणीने मिळून प्रस्तावनेचं आणि आईच्या कादंबरीच्या सुरुवातीचं इंग्रजी करून पाठवलं होतं, तेवढंच त्यांनी वाचलेलं. मला पाहताच त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले आणि डोळ्यांत पाणी आणलं. माझ्या डोळ्यांत काहीच नव्हतं, म्हणून मला अवघडल्यासारखं झालं. त्या म्हणाल्या, आईचं पुस्तक द्या. पण कादंबरी नको, आत्मकथन करा. तुमच्या सरांच्या प्रस्तावनेत जो आवाज आहे तोच ठेवा. आणि ते प्रेम, खून वगैरे सोडून द्या. वाचक गोंधळतो.

मी विचारलं, "इंग्रजीत लिहिणाऱ्या बायका प्रेमकथा लिहीत नाहीत का?"

"लिहितात ना," त्या म्हणाल्या. "पण तुमच्याकडे खरं सांगण्यासारखं आहे."

त्या वाईट नव्हत्या. मनापासून बोलत होत्या, त्याचाच जास्त राग आला. घरात दुःख झालेलं असलं, की प्रेमकथा लिहायचा परवाना रद्द होतो, ही माहिती मला नवीन होती. माझ्या आईने आयुष्यात जेवढं सोसलं, त्याच्या दुप्पट ती हसली आहे. मंडईतल्या बायकांच्या लफड्यांचे किस्से ती साभिनय सांगायची. तिचं नुसतं सोसणं नेऊन हसणं इथेच ठेवायचं, हा कुठला न्याय?

दुसरा एजंट मुंबईचा, तरुण, मराठीच. थरारकथा, सिरियली असल्यांचं काम बघायचा. आम्ही डेक्कनला एका कॉफीच्या दुकानात भेटलो. तो म्हणाला, खुनाची आयडिया भन्नाट आहे, पण सस्पेन्स नाही, खुनी आधीच कळतो. ते पान सरांचं, हे त्याला काय सांगणार? मग तो मुद्द्यावर आला. आईचं पुस्तक एका नावाने करू, हे दुसऱ्या.

"दुसरं कसलं नाव?"

"काहीही. आडनाव तेवढं जरा मार्केटला चालेल असं."

"म्हणजे कसं?"

"म्हणजे वाचकाला त्यावरून काही कळू नये असं."

"काय कळू नये?" मी विचारलं.

तो कॉफी ढवळायला लागला. त्यात साखर टाकलेलीच नव्हती.

"आपण कॉफी घ्या," मी म्हणाले, "गार होतेय." माझी मुलगी म्हणते, आई समोरच्याला 'आपण' म्हणायला लागली, की समोरच्याने चपला शोधाव्यात. त्याला ते माहीत नव्हतं. तो बिचारा कॉफी पूर्ण प्यायला.

पण घरी आल्यावर मी खचले, ते खरं आहे. दोन माणसं भेटली, त्यांचं आपसात काहीही जमलं नसतं, पण मला मधून कापायचं यावर दोघांचं एकमत होतं. एकीला आई पाहिजे होती, एकाला खून. प्रेमकथा तर कुणाच्या खिजगणतीतही नव्हती. मी पेपरच्या कडेला दुसरी दोन-तीन आडनावं लिहून पाहिली. माझ्या नावाला ती उसन्या चपलेसारखी दिसत होती. नवऱ्याने पाहिलं आणि तो पेपर उचलून त्यावर लसूण सोलायला घेतला. मी ठरवलं, अजून एकदा बघायचं. नाहीतर कपाट आहेच.

तिसरी एजंट, एक तरुण मुलगी, माझ्या मुलीच्या ओळखीतून आली. आधी तिच्याच कंपनीत होती, टेस्टर. म्हणजे दुसऱ्यांनी बनवलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका काढायच्या आणि त्याचा पगार घ्यायचा. तिने ती नोकरी सोडून मराठी लेखकांची एजंट व्हायचं ठरवलं होतं. तिच्या आईवडिलांना त्याचा काय धक्का बसला असेल, तो मी समजू शकते. शनिवार पेठेत तिसऱ्या मजल्यावर राहायची. "तिन्ही वाचल्यात, या," एवढाच फोन.

मी जिने चढले तेव्हा मनाची तयारी करूनच चढले होते. शनिवार पेठ, त्यात टेस्टर. तिने दार उघडलं, पंखा लावला, दोन पेले पाणी आणून ठेवलं, एक माझ्यापुढे, एक स्वतःपुढे. काहीही गोड बोलली नाही.

"मी तिन्ही ओळीने वाचल्या," ती म्हणाली. "आधी वाटलं, तीन वेगवेगळ्या बायकांच्या आहेत. मग कळलं, एकीच्याच आहेत. नाव झाकून दिल्या असत्या तरी कळलं असतं."

"कशावरून?"

"घरात माणूस आला, की तुम्ही सगळ्यात आधी पाणी लिहिता. कुणी दिलं, कशातून दिलं, घेणाऱ्याने पेला तोंडाला लावला की वरून प्यायला. आईच्या कादंबरीत आहे, ते ठीक. पण प्रेमकथेत ती पोरगी त्या घोरणाऱ्याच्या बाटलीतून पहिल्यांदा उष्टं पाणी पिते, तिथे तिचं प्रेम ठरतं. त्याच्या आधी नाही, नंतर नाही. आणि खुनात तर पेल्यावरूनच खुनी सापडतो. कामवाल्या बाईसाठी वेगळा ठेवलेला पेला कुणाच्या घरातला, यावरून."

मी ऐकतच राहिले. लिहिलं मी होतं, पण हे मला माहीत नव्हतं. देवाशपथ म्हणायची आमच्याकडे सोय नाही, पण खरंच माहीत नव्हतं.

"आणि आत्ता," ती म्हणाली, "बसल्या बसल्या तुम्ही तुमचा पेला बघितलात. मग माझा."

माझे कान तापले. उठून जावं असं वाटलं. ती अगदी कोरड्या आवाजात पुढे म्हणाली, "दोन्ही एकाच सेटमधले आहेत. बाकीचे आमच्या मातोश्रींनी भांडी घासताना फोडले."

मला हसू फुटलं. इतकं, की पाण्याचा ठसका लागला. तीही हसली, आणि त्या हसण्यात माझे खांदे खाली आले. किती महिने ते वर चढून बसले होते कोण जाणे.

"हे पाण्याचं मला माझं मला सुचलं असं समजू नका," ती म्हणाली. "तुमच्या सरांनी लिहिलंय. पान तीन. सगळे तिथे खुनी वाचून थांबले. त्याच्या खालचा परिच्छेद कुणी वाचला नाही. तो सेक्रेटरी त्यांनी का फोडला? कारण पेला बघितल्याबरोबर त्यांनी त्याला ओळखलं. प्रस्तावना बरोबर आहे. जागा चुकली आहे. पुस्तकाच्या मागे टाका."

"आणि नाव?" मी विचारलं.

"कुणाचं?"

"माझं. तीन पुस्तकं तीन तऱ्हेची. नावं वेगळी करायची का?"

तिने माझ्याकडे, चूक सापडल्यावर टेस्टर बघत असेल तसं बघितलं. "तुम्ही लिहिलंय ना? मग आणखी कुणाचं टाकायचं?"

मी रडले. लपवत नाही. परक्या घरात, पंख्याखाली, पदर डोळ्याला लावून स्वच्छ रडले. तिने सांत्वन वगैरे केलं नाही, खिडकीतून बाहेर बघत बसली. त्यासाठी मी तिची अजून ऋणी आहे.

पण घरी येताना बसमध्ये दुसरी धास्ती लागली. प्रस्तावना मागे टाकायची, हे सरांना कोण सांगणार? सरांना लहानपणी शाळेत इतर मुलांबरोबर बसू देत नसत. वर्गात शिकवताना ते एकदाच आम्हाला हे बोलले होते आणि मग लगेच व्याकरणाकडे वळले होते. त्या माणसासमोर जाऊन मी म्हणायचं, सर, तुम्ही जरा मागे बसा? त्यापेक्षा पुस्तक नको, असंही एकदा मनात आलं. पण मुलगी म्हणाली, "आई, त्यांना सांगितलं नाहीस तर छापून आल्यावर कळेल. ते बरं दिसेल का?" ते बरं दिसलं नसतं. मी लोणीला गेले.

बाईंनी दार उघडलं. "ये गं, कवाधरनं वाट बघत्यात. च्या ठिवते." सर ओसरीवर खाटेवर बसलेले. मी सगळं एका दमात सांगून टाकलं. एजंट मुलगी, पेले, पान तीन, मागे.

सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मागे का पण?"

"सर, खुनी कोण ते तुम्ही सांगितलंत."

"मग? सांगायचं नाही?"

"रहस्यकथेत नसतं सांगायचं. शेवटपर्यंत लपवून ठेवायचं असतं."

सरांनी चष्मा काढला. त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरीचं आश्चर्य होतं, आणि माझ्या तेव्हा लक्षात आलं, की या विद्वान माणसाने जन्मात एकही रहस्यकथा वाचलेली नव्हती. त्यांना वेळच मिळाला नव्हता.

"गुन्हेगाराचं नाव लपवायचं?" ते म्हणाले. "अगं, आम्ही आयुष्यभर केलं काय? नावं घेतली. लोक लपवायचे, आम्ही घ्यायचो. त्यासाठी मार खाल्ला. आणि तू म्हणतेस, वाचकाला शेवटपर्यंत सांगायचंच नाही?"

"हो सर."

"आणि लोक पैसे देऊन वाचतात?"

"हो सर."

सर हसायला लागले. खोकला येईपर्यंत हसले, बाई आतून बघायला आल्या. मला बरं वाटत होतं, पण पुरतं नाही. गाठ अजून होती. मी म्हटलं, "सर, तुम्हाला मागे बसवायचं म्हणून माझा जीव वर-खाली होत होता. शाळेतलं आठवून."

सर हसायचे थांबले. "शाळेत मला मागे नव्हते बसवत," ते म्हणाले. "बाहेर बसवायचे. पायरीवर. याला वर्गात निदान शेवटी तरी बसू द्या, म्हणून माझ्या बापाने हेडमास्तरांचे पाय धरले होते." त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. "मागे म्हणजे पुठ्ठ्याच्या आतच ना?"

"हो सर. आतच."

"मग झालं तर," सर म्हणाले. "ती प्रेमकथा आणली असशील तर ठेवून जा. तिला प्रस्तावना लिहू?"

"नको सर," मी इतक्या घाईने म्हणाले, की बाईही हसल्या.

शनिवार पेठेतल्या त्या मुलीने तिन्ही पुस्तकांना प्रकाशक मिळवून दिले. दोन निराळे, तिसरा तर आधी तिच्याशी भांडलेला. नाव तिन्हींवर एकच. पहिली आली ती खुनाचीच. पहिली प्रत घेऊन मी लोणीला गेले. सरांनी ती मागून उघडली, स्वतःची जागा नीट पाहून घेतली, पान हाताने सपाट केलं. मग पुस्तक उलटं करून मुखपृष्ठ डोळ्यांजवळ नेलं आणि त्यावरचं माझं नाव मोठ्याने वाचलं. वडिलांनी शोधलेलं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव, एकही अक्षर न गाळता. कॉलेजात हजेरी घ्यायचे, अगदी तसं.

"हजर, सर," मी म्हणाले.

आतून बाई ओरडल्या, च्या गार व्हाया लागलाय म्हणून.